अडॅलिमुमॅबची भरलेली सिरिंज: सुईवर पोट असलेल्या बाईचा अभिप्राय

औषध अडॅलिमुमॅब, 40 मिलिग्रॅम, आधीच भरून येणारी सिरिंज, भारतात बनलेली. दर पंधरवड्याला एक. आजार ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. मी अकोल्यात ब्लाउज शिवते. सिरिंजला पाचपैकी साडेचार गुण, सोबतच्या पत्रकाला दोन. औषध घरपोच करणाऱ्यांचं वेगळं सांगते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तुमचे डॉक्टर दुसरी देतील आणि तीच घ्या. 2014 च्या डिसेंबरात झायडसने या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, पण दुसऱ्या कंपनीने बनवलेली) आवृत्ती भारतात आणली, त्यानंतर आपल्याकडे बऱ्याच कंपन्या ते बनवायला लागल्या. स्वस्त दिसली म्हणून डॉक्टरांना न विचारता कंपनी बदलू नये, एवढंच.

फरक पडला का? पडला. सकाळी बोटं आखडायची, हुक लावायला मुलीला हाक मारायला लागायची. आता सकाळी हातशिलाई होते. लगेच नाही, काही आठवडे गेले. पण हा अभिप्राय त्यासाठी नाही. फायद्याचं सगळेच सांगतात, काय सांभाळायचं ते कोणी नीट सांगत नाही.

पहिलं म्हणजे टीबी. हे औषध टीएनएफ नावाचं प्रथिन अडवतं. सांध्यात सूज आणतं ते हेच, आणि शरीरात निपचित पडलेल्या टीबीच्या जंतूंना पेशींच्या कुंपणात कोंडून ठेवतं तेही हेच. ते अडवलं की कुंपण ढिलं पडतं. आपल्या देशात कितीतरी माणसांच्या अंगात असे जंतू गुपचूप असतात, त्यामुळे छातीचा एक्स-रे, मांटू (हाताच्या कातडीत टोचून करतात ती टीबीची चाचणी) आणि टीबीचीच रक्तातली इग्रा तपासणी झाल्याशिवाय पहिलं इंजेक्शन घ्यायचंच नाही. सोबत हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. माझा एक्स-रे स्वच्छ होता, पण मांटूची जागा टणक सुजली आणि इग्राही पॉझिटिव्ह आली. मांटूत लाली मोजत नाहीत, टणक सूज मोजतात. एरवी 10 मिलिमीटरला पॉझिटिव्ह धरतात, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली की 5 पुरतात.

मग आयसोनायझिड सुरू झालं, बरोबर बी-6 ची गोळी. सासूबाईंचा थेट प्रश्न: "टीबी नाही म्हणता, मग टीबीच्या गोळ्या कशाला?" डॉक्टर म्हणाले, "आजी, चोर घरात शिरलाय, अजून चोरी केली नाही. आपण पहारा काढायच्या आधी त्याला बाहेर काढतोय." सासूबाईंना पटलं. महिनाभर गोळ्या पोटात गेल्यावरच इंजेक्शन सुरू झालं आणि गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स पुढे चालूच राहिला. मधल्या काळात यकृताच्या तपासण्या जरा जास्तच झाल्या, कारण मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं दुसरं औषधही चालू होतं आणि दोन्ही औषधं यकृतावर ताण देतात. तपासण्या चांगल्या आल्या म्हणजे कायमची सुटका, असंही नाही. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, मानेला गाठ, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना फोन करायचा. या औषधावर टीबी झालाच तर तो फुफ्फुसाबाहेरही बराच होतो.

मेथोट्रेक्सेटचं नाव निघालंच आहे तर सांगते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही. रोज घेऊन माणसं दगावली आहेत. आणि इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून ते परस्पर बंदही करायचं नाही. अडॅलिमुमॅब एकटं असलं की शरीर त्याच्याच विरुद्ध अँटिबॉडी करण्याची शक्यता वाढते आणि महागडं औषध हळूहळू निकामी होतं.

आता थंडाव्याचं. पेटीवर 2 ते 8 अंश लिहिलेलं आहे. पत्रकात 25 अंशांच्या आत चौदा दिवस बाहेर चालेल असंही आहे (तुमच्या कंपनीचं वेगळं असू शकतं, बघून घ्या), पण त्या 25 अंशांचा आणि अकोल्याच्या मे महिन्याचा काही संबंध नाही. इथे पारा 45 च्या आसपास, त्यात लाईट जाते. आमचा फ्रीज एका दाराचा. वर बर्फाचा कप्पा, त्याच्या खालच्या फळीवर मागच्या भिंतीला पाणी गोठतं. औषध गोठलं की संपलं, नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. दारात ठेवावं तर दिवसभर थंड पाण्यासाठी दार उघडझाप. म्हणून मी मधल्या फळीवर, भिंतीपासून लांब, स्टीलच्या डब्यात मूळ खोक्यासकट ठेवते आणि शेजारी साधा डिजिटल थर्मामीटर. उन्हाळ्यात तो रोज बघते. त्या डब्याला घरात कोणी हात लावत नाही.

दुकानांचं म्हणाल तर एकाने थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक आणि औषध यांच्यात पुठ्ठा घालून पाठवलं. शाबास. दुसऱ्या एका मेडिकलवाल्याने कॅरीबॅगमध्ये बर्फाचे तुकडे टाकून त्यातच खोकं बुडवलेलं काउंटरवर ठेवलं, वर "थंडगार आहे ताई" असं कौतुकाने सांगितलं. मी ते घेतलंच नाही. तो म्हणाला, बाकी कोणी तक्रार करत नाही. बाकीच्यांनी पत्रक वाचलं नसेल. वाचणार तरी कसं, अक्षर इतकं बारीक की मला बॉबिनच्या केसवरचे आकडे त्यापेक्षा सोपे वाटतात. मराठीत एक ओळ नाही. त्याचेच गुण कापलेत.

सुईबद्दल मात्र माझं ऐका. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते, लॉनला अकरा, डेनिमला सोळा. डॉक्टरी सुईचं उलटं, नंबर मोठा तितकी बारीक. माझी 29 ची आहे, टोचल्याचं जवळजवळ कळतच नाही. औषध आत जाताना मात्र चुरचुरतं. त्यात सायट्रेट असतं, सायट्रेट नसलेला प्रकार कमी झोंबतो म्हणतात. पहिलं इंजेक्शन नर्सने समोर बसून माझ्याकडून घेववलं. आता फ्रीजमधून काढून अर्धा तास टोपण न काढता ताटात ठेवते. गरम पाण्यात बुडवणं, हलवणं, काही नाही. आतलं पाणी स्वच्छ हवं, गढूळ किंवा कण दिसले तर परत. मांडीचा पुढचा भाग किंवा बेंबीपासून दोन इंच लांब पोट. चिमटीत कातडी धरायची, 45 अंशांत टोचायचं, नंतर चोळायचं नाही. मागच्या जागेपासून इंचभर तरी दूर. मी कॅलेंडरवर "उ. मांडी", "डा. पोट" असं लिहिते. तारीख चुकली तर आठवेल तेव्हा एक घ्यायचं, दोन एकदम कधीच नाही.

ताप असेल, अँटिबायोटिक चालू असेल, दाढ किडून सुजली असेल तर इंजेक्शन थांबवून आधी डॉक्टरांना विचारायचं. हे घरच्यांना समजावणं कठीण जातं, त्यांना वाटतं एवढं महागडं औषध वाया जाईल. ऑपरेशन ठरलं तर सर्जनलाही सांगायचं. लस घेण्याआधी विचारायचं. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर किंवा कांजिण्यांच्या, यावर चालत नाहीत. फ्लूची टोचायची आणि न्यूमोनियाची चालते, ती मी घेतली.

आणि शेजारच्या काकू. "अवं, गुयवेलचा काढा घेत जाय नं सकायी सकायी, ताकद येते." त्यांचा जीव आहे माझ्यावर. पण माझी प्रतिकारशक्ती कमी पडत नाहीये, ती माझ्याच सांध्यांवर उठली आहे, आणि मी पैसे मोजून तिला खाली बसवतेय. शिवाय 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण मेथोट्रेक्सेटवर असलेल्या बाईने त्या वादात आपलं यकृत कशाला घालावं? काकूंना सांगितलं, डॉक्टर नको म्हणतात. आता त्या लिंबाचं लोणचं पाठवतात, ते चालतं.

वापरलेल्या सिरिंजचं टोपण परत लावायला जाऊ नका, बोटात घुसते. माझ्याकडे जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा आहे, त्यात टाकते. भरला की आमच्या लॅबवाल्याकडे देते. त्याच्याकडे सुयांसाठीचा पांढरा न टोचणारा डबा असतोच, तो खळखळ न करता घेतो. घंटागाडीत टाकू नका, ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने निवडतं.