खंड्याचा हुक कुठे काढावा? नाशिकमध्ये दीड वर्ष जागा शोधून लिहिलेला अनुभव

पट्ट्याचा हुक काढल्याचा बारीक 'टक्' आवाज झाला तरी आमचा कुत्रा खंड्या लगेच पळत नाही. आधी नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकतो, मग माझ्याकडे बघतो. मी 'जा' म्हटलं की कान मागे पाडून सुटतो. मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात आणि मध्येच एक क्षण असा येतो की चारही पाय जमिनीला लागलेले नसतात. ते बघण्यासाठी मी दीड वर्ष नाशिक आणि आजूबाजूचं शिवार पालथं घातलं. घरात तरणं, अंगात रग असलेलं कुत्रं आहे आणि त्याला मोकळं कुठे सोडावं हे कळत नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

खंड्या साडेतीन वर्षांचा, गावठी, तांबूस, 21 किलोचा. अंबडला आमच्या कंपनीच्या गेटवर, सिक्युरिटीवाल्या काकांच्या खुर्चीखाली सापडला तेव्हा ओंजळीत मावत होता. आता इंदिरानगरचा फ्लॅट त्याला पुरत नाही. दोन वेळा अर्धा-अर्धा तास फिरवूनही घरी येऊन सोफ्याची कड कुरतडायचा. आमचे डॉक्टर म्हणाले, "ताई, याला चालणं मिळतंय, धावणं मिळत नाहीये." त्या दिवसापासून दर गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आमची शोधाशोध सुरू झाली.

शहरातले जॉगिंग ट्रॅक मी पहिल्याच आठवड्यात सोडून दिले. तिथे पट्टा काढणं चूकच आहे. खंड्या नुसता शेपटी हलवत गेला तरी एका आजींनी कठड्याला घट्ट धरलं, त्यांचा श्वास वर-खाली होत होता. "तो काही करत नाही हो" असं मी म्हणाले खरी, पण समोरच्या माणसाची भीती त्या वाक्याने जात नाही. त्यानंतर मी ते वाक्य पुन्हा वापरलं नाही. गोदापार्कला भल्या पहाटे गेलं तर नदीचा गारवा आणि झाडं सुरेख, पण प्रत्येक टप्प्यावर भटक्या कुत्र्यांची आपापली हद्द ठरलेली असते. पट्टा लावून चालायला छान, सोडायला नाही. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे जनावर नेता येत नाही.

म्हसरूळच्या बाजूला चांभारलेण्यांच्या डोंगराचा पायथा पावसाळ्यात फार देखणा होतो. वर गजपंथ हे जैनांचं तीर्थ आहे, म्हणून कुत्र्याला घेऊन पायऱ्यांकडे जायचं नाही, खालच्या माळावरच थांबायचं. श्रावण-भाद्रपदात आम्ही तिथे तीन-चारदा गेलो. दिवाळीच्या सुमारास गेलो तेव्हा मात्र पस्तावले. कुसळी गवत तयार झालं होतं. घरी आल्यावर खंड्या पुढचा उजवा पंजा सारखा चाटत होता. बोटांच्या बेचक्यात बघितलं तर एक कुसळ अर्धं आत गेलेलं, टोक बरोब्बर मांसाच्या दिशेला. कुसळाचा काटा एकाच दिशेने सरकतो, पुढे जातो पण मागे येत नाही. मी भुवया काढायच्या चिमट्याने ते सावकाश ओढलं. पंधरा मिनिटं लागली, तेवढा वेळ सासूबाई त्याचं डोकं मांडीवर धरून बसल्या होत्या. कानात गेलं असतं तर थेट डॉक्टर गाठावा लागला असता. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर तो माळ टाळा.

सगळ्यात जास्त गुरुवार आम्ही घालवले ते मखमलाबादकडच्या डाव्या कालव्याच्या रस्त्यावर. कालव्याच्या कडेने कच्चा रस्ता जातो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मळे. सकाळी वर्दळ म्हणजे दुधाच्या किटल्या घेतलेली एखादी मोटरसायकल आणि वॉचमनची सायकल. जमीन मऊ, पंजे भाजत नाहीत. उन्हाळ्यात डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही. इथे मातीवर ती अडचण साडेनऊपर्यंत तरी येत नाही.

पण कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडतात ते पाणी, सुटलेलं असेल तर कुत्र्याला तिथे मोकळं सोडू नका. काठ अस्तराचा आणि उताराचा आहे, ओला झाला की पंजे नुसते घसरतात, आत गेलेलं कुत्रं आपलं आपण वर येऊ शकत नाही. आवर्तन कधी सुटणार हे मळ्यातल्या कोणालाही विचारलं की कळतं, त्यांचं सगळं गणित त्याच्यावरच असतं.

आता द्राक्षांबद्दल लिहायलाच हवं, कारण आपण नाशिकचे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बागांची तोडणी चालू होती. खंड्या एका बागेच्या कडेला घुसला आणि मी पोहोचेपर्यंत खाली पडलेले मणी खात होता. मला वाटलं, फळच आहे, खाऊ दे. बागेतले दादा धावत आले. "ताई, बाहेर काढा त्याला, परवाच फवारा मारलाय!" त्यांच्या फवाऱ्यामुळे मी डॉक्टरांना फोन केला, आणि खरं कारण तिथे कळलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात. त्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो, द्राक्षातलं टार्टारिक ॲसिड हे त्याचं कारण असावं असं आता मानलं जातं. किती मणी खाल्ल्यावर बाधेल हे सांगता येत नाही, एखाद्याला थोडक्यातच बाधतं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खाऊन किती वेळ झाला?" चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी उलटी करवली, सलाईन लावलं, मूत्रपिंडं नीट चालली आहेत ना हे बघायला लागोपाठ तीन दिवस रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. स्टीलच्या टेबलावर खंड्या थरथरत उभा होता आणि समोरच्या ट्रेमध्ये हिरवे मणी पडले होते, काही अख्खेच. मी जन्मापासून द्राक्षांच्या गावात राहते, आमच्या घरी हंगामात पेट्या येतात, आणि मला हे माहीत नव्हतं. त्याचे रिपोर्ट नॉर्मल आले, पण झोपेविना गेलेल्या त्या तीन रात्री मी विसरलेले नाही.

तेव्हापासून जानेवारी ते एप्रिल बागांच्या कडेला हुक काढायचा नाही, हा आमचा नियम. ऑक्टोबर छाटणीनंतरही नाही, कारण वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटण्यासाठी काड्यांना जी पेस्ट लावतात ती हायड्रोजन सायनामाइडची असते, माणसालाही ती हातमोज्यांशिवाय हाताळू देत नाहीत. बागायतदारांशी बोलायला लाजू नका. ते दादा आता मला लांबूनच हात करून सांगतात, "आज बिनधास्त," नाहीतर "आज नको ताई."

दुसरी गोष्ट बिबट्याची. नाशिककरांना तो नवा नाही, मळ्यात दिसतो, नाल्यात दिसतो, कधी थेट कॉलनीत येतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला, तर खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. हे वाचल्यावर मी संध्याकाळची फेरी कायमची बंद केली. पूर्ण उजाडल्यावर निघायचं, दिवस मावळायच्या खूप आधी घरात, आणि उसाच्या कडेने हुक अजिबात काढायचा नाही. ठसे दिसले किंवा कोणी पाहिल्याचं सांगितलं तर वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे.

गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडची मोकळी जमीन खंड्याला सगळ्यात आवडते. मी मात्र तिथे मार्च ते जून त्याला सोडत नाही. एकदा टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली, मग खाली उतरून आमच्यापासून दूर दूर पळायला लागली. मी जागीच थांबून पायाखाली बघितलं. चार पावलांवर उघड्या मातीत चार अंडी होती, मातकट, काळे ठिपके असलेली, खड्यांपासून वेगळी ओळखूच येणार नाहीत अशी. खंड्याचा एक पाय पडला असता तरी संपलं असतं. शिवाय ते पाणी आपण सगळे पितो, तेव्हा शी उचलायची पिशवी तिथे तर हवीच हवी.

मग मोकळं सोडायचं तरी कधी? मला सापडलेला मधला मार्ग म्हणजे लांब दोरी. रविवार कारंज्याजवळच्या दोरवाल्याकडून 10 मीटर सुती दोर घेतला आणि टोकाला पितळी हुक बांधून घेतला. नायलॉनचा घेऊ नका. धावतं कुत्रं हातातून नायलॉन ओढतं तेव्हा तळवा सोलून निघतो. दोर गळ्यातल्या पट्ट्याला लावायचा नाही, छातीपट्ट्यालाच लावायचा, नाहीतर शेवटच्या हिसक्याने मानेला इजा होते. चार महिने मी शिट्टी आणि उकडलेल्या कलेजीचे तुकडे घेऊन त्याला परत यायला शिकवलं. समोरून शेळ्या जात असताना दहापैकी दहा वेळा तो परत आला, तेव्हा कुठे पहिल्यांदा हुक काढला. त्याआधी सोडू नका, कुत्रं कितीही गुणी असलं तरी.

शेवटी पैसे देऊन जायची जागा. त्र्यंबक रोडच्या बाजूला एका शेतात साधारण अर्ध्या एकराला जाळीचं कुंपण घातलेलं आहे, एका कुत्र्याचे तासाला 200 रुपये. मालक घरच्या घरी चालवतात, त्यामुळे नाव देत नाही. पहिल्या भेटीत माझं मत वाईट झालं होतं. एकच दार होतं. कोणाची गाडी आली म्हणून ते उघडलं आणि एक लॅब्रडोर सरळ रस्त्यावर निघून गेला. सुदैवाने तो पुढच्या वळणावर मिळाला, पण त्याच्या घरची मुलगी रडून रडून थकली. शिवाय लहान-मोठी कुत्री एकत्र, पाण्याचं टोपलं सगळ्यांना एकच आणि लसीचं कार्ड कोणी विचारलं नाही. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, लस पूर्ण न झालेलं पिल्लू अशा जागी आणणं म्हणजे जिवाशी खेळ.

मी मालकांशी अर्धा तास बोलले. हैदराबादला कोंडापूरमध्ये महापालिकेने 2018 मध्ये खास कुत्र्यांसाठी बाग सुरू केली, तिचे फोटो त्यांना मोबाइलवर दाखवले. ते ऐकून घेत होते, वादाला आले नाहीत. दोन महिन्यांनी पुन्हा गेले तर दाराच्या आत आणखी एक दार बसवलेलं. मधल्या चौकटीत कुत्र्यासकट उभं राहायचं, मागचं दार लागल्याची खात्री करायची, मगच पुढचं उघडायचं. दहा किलोखालच्या कुत्र्यांना वेगळा कप्पा केला आहे, आत जाण्याआधी रेबीजच्या लसीची तारीख बघतात. जाळी खालून वीतभर जमिनीत गाडली आहे, त्यामुळे उकरून पळायची सोय नाही. सावली अजून कमी आहे, लावलेली करंजाची रोपं कंबरेएवढीच आहेत. पाण्याची वाटी आपली न्यावी. पावसाळ्यात चिखल होतो आणि गोचीड लागतात, म्हणून घरी आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या मध्ये हात फिरवून बघावं.

असं कुंपण आपल्या महापालिकेने एखाद्या पडून असलेल्या भूखंडावर घातलं तर मला मनापासून आनंद होईल, कारण तासाला 200 रुपये सगळ्यांना जमणारे नाहीत. खंड्याला जिथून उचललं त्या गेटवरचे काकासुद्धा आता एक कुत्री पाळतात, त्यांना कुठे जा म्हणून सांगू?

तोपर्यंत आमचे गुरुवार त्र्यंबक रोडच्या त्या कुंपणातच. रविवारी गर्दी असते, गुरुवारी सकाळी सातला कधी कधी आम्ही दोघंच असतो. खंड्याला आता दोन दारांचं कळलं आहे. मागची कडी वाजेपर्यंत तो चौकटीत शांत बसून राहतो आणि मग मान वळवून माझ्या हाताकडे, हुकाकडे बघतो.