पेन टॅबलेट, नऊ महिन्यांनंतर: बाकी ठीक, पण त्या चार रबरी टिकल्या!

फेब्रुवारीत घेतला, आता ऑक्टोबर संपत आला. कॉम्प्युटरला जोडून त्यावर पेनने रेघा काढायच्या. दहा बाय सहा इंचांचा, स्क्रीन नसलेला, पेनला बॅटरी लागत नाही, प्रेशरच्या ८१९२ लेव्हल्स (जेवढा दाब, तेवढी जाड रेघ) वगैरे. ते सगळं खोक्यावर छापलेलं असतं, तुम्ही वाचलेलं असणार. ४,७९९ रुपये पडले. जूनमध्ये मी याला एक तारा देऊन भरपूर शिव्या घातल्या होत्या. त्यातल्या अर्ध्या आज मागे घेतोय. अर्ध्याच.

आधी माझं सांगतो, नाहीतर तक्रार कळायची नाही. परभणीत वीस वर्षं पाट्या रंगवल्या. आडत दुकानं, रसवंत्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं 'आईचा आशीर्वाद'. मला लिंब गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. दोष जनुकात असतो, कंबर आणि खांद्याभोवतीचे स्नायू वर्षागणिक जात राहतात. आधी शिडी सुटली. मग जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवत रोवत उठायला लागलो. मग उजवा हात खांद्याच्या वर जाईना, तशी भिंत सुटली. बोटं मात्र चालायची. म्हणून टेबल, खुर्ची आणि हा टॅबलेट.

आता टिकल्या. टॅबलेटच्या पोटाला चार कोपऱ्यांत चार रबरी टिकल्या चिकटवलेल्या असतात, शर्टाच्या बटणाएवढ्या. बाकीच्या लोकांना त्या आहेत हेसुद्धा माहीत नसेल. पण पाटी लिहिणाऱ्याची खरी परीक्षा शिरोरेषेत असते. 'श्री तुळजाभवानी ट्रेडिंग कंपनी' एवढी लांब रेघ एका दमात, न थरथरता ओढायची. चांगला हात असलेला माणूस ती खांद्यातून ओढतो. माझा खांदा कामाचा नाही, म्हणून मी अख्खं अंग डावीकडून उजवीकडे झुकवून ओढतो. हाताचा सगळा भार टॅबलेटवर. टिकल्या धरत नाहीत, टॅबलेट रेघेसोबत सरकतो, आणि रेघ 'कंपनी'पाशी येईस्तोवर उतरणीला लागलेली असते.

मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत दोन टिकल्या गोंद सुटून आपोआप गळाल्या. एक मुंग्यांच्या रांगेत सापडली. परभणीचं ऊन कंपनीला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मेल केली. उत्तर आलं, हा पार्ट सुटा मिळत नाही, झिजेच्या वस्तू वॉरंटीत बसत नाहीत. पाच रुपयांचं रबर! दुसरी मेल केली, तेच उत्तर, फक्त 'डिअर कस्टमर'च्या जागी माझं नाव. तिसऱ्या मेलनंतर मी मागे वळून बघितलं नाही, एकूण सतरा झाल्या.

त्यातच जूनमध्ये पेन बिघडलं. जाड रेघ येईचना. 'क'ची गाठ भरायला जावं तर पेन्सिलीसारखी बारीक रेघ. नीब बदललं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, काही फरक नाही. मग तो एक तारा दिला आणि पेन पुण्याला कुरिअर केलं, २६० रुपये खिशातले. एकोणीस दिवस हातात काम नाही. शेवटी त्यांनी नवं पेन पाठवलं, वाद न घालता. नव्या पेनचीही रेघ बारीकच.

मी पुन्हा मेल लिहायला बसलो होतो, तेवढ्यात भाचा आला. नववीत आहे. त्याने पेन घेतलं आणि रेघ ओढली, आमच्या रस्त्यासारखी रुंद.

"मामा, चालतंय की ह्ये."

मी परत ओढली. बारीक. त्याने ओढली. जाड. तो एकदा पेनाकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मी त्याला चहाचं बघायला पाठवलं.

म्हणजे पेन पहिलंही ठीकच होतं. बोटांचा दाब गेला होता. नऊ महिन्यांत वस्तू किती बदलली ते लिहायचं असतं, पण इथे वस्तू तशीच आहे आणि वापरणारा बदललाय. मग तारा कुणाचा कापायचा?

जूनमध्ये दिलेला तो एक तारा काढून टाकला. आणि इथून पुढे मत बदललं, कारण इलाज फुकटात निघाला. क्रिटा वापरत असाल (चित्र काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, घ्या), तर तिच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये प्रेशर कर्व्ह, म्हणजे दाबाचा आलेख असतो. मुळात ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ तिरकी रेघ असते. तिला वर फुगवली की थोड्या दाबातही जाड रेघ येते. मी आता दर महिन्याला थोडी फुगवतो आणि स्क्रीनशॉट ठेवतो. जुलैची रेघ जरा उचललेली, ऑक्टोबरची बैलाच्या वशिंडासारखी. डॉक्टरांना दाखवले, ते म्हणाले फाईलला लावून ठेवा. ब्रशच्या बाबतीत हे कुठून करणार होतो? आठ नंबरचा फ्लॅट ब्रश माझ्यासाठी मऊ होत नसतो.

आणखी एक. ओळखीचा प्रत्येक जण मला रेन्वार ऐकवतो. त्या फ्रेंच चित्रकाराची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, तरी १९१९ साली मरेपर्यंत तो रंगवत राहिला. हाताला ब्रश बांधायचा म्हणे. बांधायचा नाही हो, तळहातात कापडाच्या पट्ट्या असायच्या, दांडा कातडीला घासू नये म्हणून, आणि ब्रश दुसरं कुणी बोटांत अडकवून द्यायचं. मला त्याची एकच गोष्ट कामाची वाटली. मोठं चित्र असलं की कॅनव्हास गुंडाळीवर चढवून फिरवायचा, म्हणजे हवा तो भाग हातासमोर येतो. क्रिटात कीबोर्डवरची ४ आणि ६ ही बटणं पान फिरवतात, माझी तीच गुंडाळी. डाव्या हाताला स्वस्तातला जुना कीबोर्ड ठेवलाय.

पैशाचं बोलू. व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के, या टॅबलेटवर १८. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, कार्डही माझ्याकडे आहे, पण बिल करताना तो कॉम्प्युटरचा पार्ट. मी बसतो ती खुर्ची मदतीची वस्तू, आणि ज्यावर कमावतो ती चैन.

कमाई म्हणाल तर ज्या फ्लेक्सने आमचा धंदा बसवला, त्याच फ्लेक्सवाल्यांना आता मी अक्षरं काढून देतो. त्यांच्या कॉम्प्युटरमधले फॉन्ट सगळ्या गावात सारखेच, म्हणून हाताची अक्षरं मागणारे अजून आहेत. टॅबलेटचे पैसे तिसऱ्या महिन्यात फिटले.

टिकल्यांचं काय केलं ते सांगतो. आई पोळपाट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घालते. म्हणाली, "घाल की रे लेका तसंच." तिला म्हटलं, माय, करंटची वस्तू आहे. तर तिने चौकातल्या पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब आणवली. त्याने दहा रुपये घेतले, सोल्युशनचे थेंब वरून. बटणाएवढे चार तुकडे कापून चिकटवले. आता बैल बांधला तरी टॅबलेट हलायचा नाही. सनमायकावर काळे डाग पडतात, पडू देत.

चार तारे. पाचवा टिकल्यांचा, तो देणार नाही.

कुणी करणार असेल तर मोटारसायकलची ट्यूब घेऊ नका, जाड पडते आणि टॅबलेट डुगडुगतो. सायकलचीच घ्या. आतल्या अंगाला पांढरी पावडर असते, ती साबणाने धुवून नीट वाळवा, नाहीतर सोल्युशन धरत नाही.