माशांच्या दुकानात पहिली नोकरी: गल्लीतलं दुकान, मोठं शोरूम की टाक्यांची फिरती?

बारावी झालेली, घरात दोन फुटी टाकी, गप्पी माशांची पिल्लं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून संपलेली. अशा मुलाला माशांच्या दुकानात काम करावंसं वाटलं, तर पुण्या-मुंबईकडे त्याच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. घराजवळचं छोटं दुकान, मोठं शोरूम, किंवा घरोघरी आणि दवाखान्यांत जाऊन टाक्या साफ करायचं काम, ज्याला या धंद्यात नुसतं ‘मेंटेनन्स’ म्हणतात. पहिलं आणि तिसरं मी स्वतः केलंय. दुसऱ्यात माझा मित्र होता. त्याच्या काउंटरमागे बसून मी तिथला कारभार बराच पाहिलाय.

मासे आवडतात म्हणून येणाऱ्याला एक गोष्ट आधीच माहीत असावी. दिवसाची सुरुवात मेलेले मासे काढण्यापासून होते, तिन्हीकडे.

छोट्या दुकानात मालक आणि तुम्ही, बास. मरतूक काढा, सायफननं तळाची घाण ओढा, बादल्या भरा, नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला हायपोचे खडे टाका, आणि तेवढ्यात कुणी पोराला घेऊन ‘दहा रुपयांत कोणता मासा येतो’ विचारत उभा. ओढाताण होते. पण पाणी कळतं ते इथेच. माल कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून येतो, नाहीतर चेन्नईतल्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून पार्सलनं. लांबून आलेली पिशवी कशी सोडायची, हा पहिला धडा. बंद पिशवीत माशांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे माशांनीच पाण्यात सोडलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पाण्याचा आम्लपणा कमी होऊन पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी टाकीवर बंदच तरंगवून तापमान जुळवायचं, आणि उघडल्यावर मासे झटपट जाळीनं टाकीत घ्यायचे. पिशवीतलं पाणी मोरीत. तोंड उघडं ठेवून तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसणारा हौशी माणूस बिचारा चांगल्या भावनेनंच मासे मारतो.

दुसरा धडा मी ठेच खाऊन शिकलो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कामसूपणा दाखवायला मी एका रांगेतल्या सगळ्या टाक्यांचे स्पंज फिल्टर नळाखाली धुऊन लख्ख केले. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या काळ्या स्पंजातच राहतात, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. नळातल्या क्लोरीननं ते मेले. दोन दिवसांनी एंजल आणि मॉली मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. नव्या टाकीत हे जिवाणू नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, मी त्यांचा दहा मिनिटांत निकाल लावला होता. मालक ओरडले नाहीत. जाळी हातात दिली आणि म्हणाले, ‘काढ.’ तेव्हापासून स्पंज टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत पिळतो.

शोरूममध्ये ही चूक करायची संधीच मिळत नाही. पुष्कळदा तिथे टाक्यांची अख्खी भिंत एकाच सम्पला, म्हणजे पाणी गाळणाऱ्या सामायिक टाकीला, जोडलेली असते, पाणी सगळीकडून फिरून येतं, आणि त्याची देखभाल वेगळा माणूस करतो. एका टाकीत पांढरे ठिपके दिसले तर रोग पूर्ण भिंतीत फिरायची धास्ती असते, म्हणून नवख्याला तिकडे हात लावू देत नाहीत. तुमच्या वाट्याला काच पुसणं, पिशव्या भरणं आणि विक्री. वेळ ठरलेली, शर्ट दुकानाचा, पगार तारखेला. कॅनिस्टर फिल्टर, वनस्पतींच्या टाकीला लागणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, समुद्री टाकीचं मीठ, हे सामान छोट्या दुकानात हाताळायला मिळणं कठीण. गिऱ्हाइकाशी बोलायची सवयही इथेच लागते.

टोचतं ते टार्गेट. दोन इंचाचा ‘टायगर शार्क’ दीड फुटी टाकीवाल्याला विकायचा असतो. तो मासा पांगसच्या जातीचा, मीटरभरापेक्षा मोठा होणारा. काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या सकर माशाचंही तेच. वाढला की लोक त्याला तळ्यात किंवा नदीत सोडतात आणि तो तिथल्या मासेमारांच्या जाळ्यांत शिरतो. छोट्या दुकानातही हे विकलं जातं, खोटं कशाला बोलू. पण तिथे ‘काका, यांना गप्पीच देऊ’ म्हटलं तर ऐकून घेणारा माणूस समोर असतो.

मेंटेनन्समध्ये पैसा लवकर दिसतो, कारण हिशोब खेपेवर असतो. बाइक, बादली, पाइप, चुंबकाचा ब्रश. मात्र दोन फुटी टाकीत पन्नासहून जास्त लिटर पाणी असतं आणि लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद. शिवाय एखाद्याचा महागडा अरोवाना तुमच्या खेपेनंतर मेला, तर दोष तुमचाच, मग आदल्या रात्री पाहुण्यांनी त्याला पनीर का चारलेलं असेना. पहिली नोकरी म्हणून मी हे सुचवणार नाही. वर्षभर दुकानात काढून मग खुशाल जा.

तब्येतीचं तिन्हीकडे सारखं. हाताला जखम असेल तर हातमोज्याशिवाय टाकीत हात नको, त्वचेचा चिवट संसर्ग होतो आणि तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. टाकीत हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढा. आणि रविवारची सुट्टी विसरा, गर्दी रविवारीच असते.

माझं मत छोट्या दुकानाकडे झुकतं, एका अटीवर. मालक नवा माल निदान काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवून बघत असला पाहिजे. सकाळी आलेली पिशवी संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात देणारा मालक असेल, तर तुम्ही तिथे फक्त मरतूक काढायला शिकाल. त्यापेक्षा शोरूम बरं, निदान वेळेवर घरी तरी जाल.

हे विचारून कळत नाही. ‘आम्ही वेगळे ठेवतो’ असं सगळेच म्हणतात. माल येतो ती सकाळ कोणती, तेवढं विचारा आणि त्या दिवशी शटर उघडायच्या वेळेला जाऊन कोपऱ्यात उभे राहा. पायात भिजली तरी चालेल अशी चप्पल घाला.