घर बघायच्या आधीच होम लोन सँक्शन करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

टिळकवाडीतल्या एका सरकारी बँकेच्या होम लोन सेक्शनचा हा रिव्ह्यू आहे, खास करून घर ठरायच्या आधी ते जे सँक्शन लेटर देतात त्याचा. आपल्या बेळगावात पद्धत अशी की रविवारी एजंटाबरोबर फिरायचं, घर आवडलं की टोकन देऊन सोडायचं आणि मग बँकेत पळायचं, आणि लोन बसलं नाही की टोकन परत मागत त्याच एजंटाच्या मागं फिरायचं. आमच्या पाहुण्यात हे झालंय. म्हणून मी आणि मिसेसनी ठरवलं, बँक आकडा लिहून देत नाही तोवर एक पण घर बघायचं नाही. फार बरं केलं असं आता वाटतंय.

मी उद्यमबागला मशीन शॉपमध्ये आहे, मिसेसचं शहापूरला शिलाईचं काम आहे. माझ्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, बँक स्टेटमेंट आणि तिचे आयटी रिटर्न एवढ्यावर काम सुरू झालं. ऑफिसर मॅडमनी पहिल्याच बैठकीत कागदावर रेघ मारून दोन बाजू करून दाखवल्या, एकीकडं तुमचं आणि दुसरीकडं घराचं. तुमचं म्हणजे पगार, चालू हप्ते, सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली त्याचा रिपोर्ट), हे आत्ताच तपासून होतंय. घराचं म्हणजे कागद आणि व्हॅल्युएशन, ते घर ठरल्यावर. म्हणजे हातात लेटर आलं म्हणून कुठलंही घर घेता येतं असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं ते मला आवडलं.

माझा ओव्हरटाईम त्यांनी पूर्ण धरला नाही. सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्यात बसले पाहिजेत असा त्यांचा हिशोब, आणि आपल्याकडं प्रत्येकाचं एखाद्या सोसायटीत म्हणजे पतसंस्थेत कर्ज असतंयच, त्याचा हप्ता पण त्यात येतोय. आमचं सोसायटीचं थोडं राहिलेलं ते आधी भरून टाका म्हणाल्या, भरलं, तर लोनची रक्कम बरीच वाढली. हे घर ठरल्यावर कळलं असतं तर घाईत कुठनं आणणार होतो?

सिबिलचं मात्र डोक्याला ताप झाला. एका फायनान्स कंपनीचं गाडीचं लोन कधीच फिटलंय, एनओसी पण आहे, खरं रिपोर्टात ते अजून चालू दिसत होतं. तक्रार टाकली आणि एनओसी जोडली. अशी दुरुस्ती 30 दिवसांत झाली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो लिहून पाठवल्यावर हललं सगळं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडनं वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतोय, पैसे देऊन काढू नका.

आता पैशाचं बघा, कारण इथंच माणूस अडकतोय. समजा घर 50 लाखाचं. 30 लाखाच्या वर 75 लाखापर्यंतच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, म्हणजे 40 लाख. 10 लाख आपले. वर स्टॅम्प ड्युटी 5 टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि रजिस्ट्रेशन फी कर्नाटकात ऑगस्ट 2025 अखेरीस 1 टक्क्यावरनं 2 टक्के झाली, असं धरून शहरात 7.6 टक्के जातंय, म्हणजे अजून 3 लाख 80 हजार, आणि हे लोनमध्ये बसत नाही. म्हणजे चौदा लाखाच्या आसपास हातात पाहिजेत, वकील, प्रोसेसिंग फी, रंग, पंखे वेगळेच. 40 लाखाला 20 वर्षं 8 टक्क्यानं हप्ता साडेतेहतीस हजाराच्या जवळपास बसतोय, आणि व्याजच शेवटी मुद्दलाएवढं होतंय. मॅडमनी हे सगळं कॅल्क्युलेटरवर आमच्यासमोर करून दाखवलं आणि मिसेसनी तिथंच सांगितलं, आपण 38 लाखाच्या वरचं घर बघायचं नाही. तेवढ्यावर विषय संपला, नंतर एकदा पण भांडण नाही.

शिवाय मालक जर म्हणाला की खरेदीखतात कमी दाखवू, बाकीचे रोख द्या, तर बँक खरेदीची किंमत आणि व्हॅल्युएशन यातलं जे कमी त्यावरच लोन देतेय. लेटर हातात असलं की असल्या मालकाला तिथंच नाही म्हणता येतंय.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो त्यांनी दिलेल्या कागदांच्या यादीचा. शहरात ई-खाता (पालिकेकडची मालकीची नोंद), सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा, 30 वर्षांची ईसी (घरावर कुणाचा बोजा आहे का आणि आधीचे व्यवहार दाखवणारा दाखला), बुडाची म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची लेआउट मंजुरी, बांधकाम परवाना. हिंडलगा, सावगावकडं ग्रामपंचायतीतलं असेल तर ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) फॉर्म 9 आणि 11. शेतात गुंठ्यानं पाडलेले बाँड पेपरवरचे प्लॉट असतात त्याला हे लोक हात पण लावत नाहीत. आता मी फोनवरच विचारतोय, खाता कुठला, एनए म्हणजे बिगरशेती आहे का, आणि निम्मे एजंट तिथंच गप्प होतात.

बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांकडं आम्हाला एक जुनी फाईल नमुना म्हणून बघायला मिळाली. ईसी सगळी कन्नडात, आणि मागचं खरेदीखत मराठीत, 1956 च्या आधीचं, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचं. वकील बोट ठेवून एकेक नाव जुळवत होते, आजोबा, मग तीन भाऊ, मग एका भावाची बायको, आणि एका बहिणीची सही कुठंच नाही. असल्या घराला लोन अडकतंय म्हणाले. तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा आपला माणूस बरोबर न्या, एजंटाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

तक्रारी पण आहेत. फोन उचलत नाहीत, प्रत्येक वेळी स्वतः जावं लागतंय. फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये, मराठी नाही, काउंटरवर मराठी बोलतात एवढंच, आमच्या आईसारख्या माणसाला सही करताना भीती वाटणारच. आणि लोनबरोबर विमा घ्या म्हणून एक साहेब फार मागं लागले, जणू घेतला नाही तर लोनच होणार नाही. तो सक्तीचा नाही, नको म्हणून लिहून द्या. की फॅक्ट स्टेटमेंट मागून घ्या, सगळे चार्जेस एका कागदावर मिळतात, द्यावंच लागतंय त्यांना. फ्लोटिंग रेटवर आधी पैसे भरले तर दंड नाही, हे पण विचारून खात्री केली.

पाचपैकी चार देतो. आमच्या लेटरची मुदत तीन महिन्यांची आहे, पुढं वाढवायची तर नवीन स्लिपा आणि सिबिल परत बघतात, म्हणून मुदतीत घर बघायला वेळ काढणार असाल तरच अर्ज करा. सोमवारी गर्दी असते, मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या गेलं तर मॅडम निवांत बसून सांगतात.