लहान मुलांच्या फुटबॉल सरावाचा तयार संच: बॉल उत्तम, गोल मात्र अपुरे

तीन नंबरचे 12 बॉल, 40 चपटे मार्कर कोन, उघडमिटीचे दोन गोल, 12 बिब (संघ ओळखू यावा म्हणून कपड्यांवरून घालायची बिनबाह्यांची बंडी) आणि एक हातपंप. पाच ते आठ वर्षांच्या बारा मुलांच्या गटासाठी हा संच घ्यावा, आणि तो मुख्यतः बॉलसाठी. या वयाचं मूल रांगेत उभं केलं की दुसऱ्याच मिनिटाला माती उकरायला लागतं. प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचा बॉल असेल तर रांग लावावीच लागत नाही.

बॉलचा घेर साधारण 60 सें.मी., वजन 300 ग्रॅमच्या थोडं वर. मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल 410 ते 450 ग्रॅमचा असतो. तो मारताना मुलं पाऊल आखडून घेतात. हवा थोडी कमीच ठेवा: अंगठ्याने दाबल्यावर बॉल किंचित आत जायला हवा. टणक भरला तर तो पायाला लागून लांब पळतो आणि ड्रिब्लिंगऐवजी, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पुढे नेण्याऐवजी, नुसती धावाधाव होते. पंपाची सुई ओली करून सरळ घाला. कोरडी, तिरकी घुसवली की वॉल्व्ह फाटतो आणि बॉल रात्रीतून बसतो.

कोन मऊ आहेत, पाय पडला तर दबतात आणि पुन्हा सरळ होतात. लाल आणि केशरी मात्र संध्याकाळी सारखेच दिसतात, तेव्हा एकाच खेळात दोन्ही वापरू नका. 20 बाय 15 मीटरच्या चौकटीला दर पाच मीटरवर एक असे 14 कोन लागतात. आत दोन-दोन कोनांची, दीड मीटर रुंद आठ दारं मांडा. एका मिनिटात बॉल घेऊन किती दारं पार होतात ते मोजायचं, लागोपाठ तेच दार चालणार नाही. मुलं आपोआप मान वर करून मोकळं दार शोधू लागतात. हे सगळं 30 कोनांत बसतं.

गोल दोनच, ही खरी अडचण. बारा जणांचा एकच सामना लावला तर बॉलभोवती घोळका होतो आणि दोन-तीन मुलांच्या पायाला बॉल लागतच नाही. तीन-तीनचे दोन सामने हवेत. दुसऱ्या मैदानाचे गोल उरलेल्या कोनांतले चार वापरून करा. शिवाय सोबतच्या खुंट्या बारीक तारेच्या आहेत, कडक जमिनीत वाकतात. मागच्या दांडीवर वाळूची पिशवी ठेवली नाही तर वाऱ्याने गोल सरकतो. घडी घालताना जोर लावून पिळू नका, दांडी सांध्यात तुटते.

बिब जाळीचे, हलके, पण गळा अरुंद. सहा वर्षांच्या मुलाला घालता येतो, घाईत काढता येत नाही.

पंपासोबत सुई एकच मिळते आणि ती लवकर वाकते. दोन जादा सुया आधीच घेऊन ठेवा.