विमानप्रवासाचे कॉम्प्रेशन मोजे: माप चुकलं तर पैसे वाया

चार तासांपुढच्या विमानप्रवासात पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होणं दुर्मीळ. पण ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पोटरी दाबून धरून हा धोका कमी करणारे हे गुडघ्याखालचे मोजे सोलापुरात सर्जिकल दुकानांत मिळतात. चपलेच्या नंबरावरून देऊ लागले तर घेऊ नका. चादरीच्या गावात कापड चाचपून घ्यायची सवय, इथे टेपच लागते: सकाळी, पाय सुजायच्या आत, घोट्यावरचा सर्वांत बारीक आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजा. पाकिटावर १५ ते ३० एमएमएचजी (दाब मोजायचं एकक) दाब हवा. वरची कड दुमडली की तिथेच करकचून आवळते, रक्त उलट अडतं. घामट पायावर चढतच नाहीत, आधी पाय कोरडा करा. विमान गाठायला मुंबईपर्यंतचा गाडीप्रवासही बसूनच, तेव्हा घरूनच घालून निघा. पायाच्या धमन्या अरुंद असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.