टाकी वर आली म्हणजे गॅस तयार झाला, असे नाही

नागपुरात खानावळ किंवा केटरिंग चालवणाऱ्यांनी बायोगॅस संयंत्र घेण्यापूर्वी आमचा अनुभव जरूर वाचावा. कोबीची पाने, फुलकोबीचे दांडे, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या असा रोज सुमारे २५ किलो कचरा आमच्या खानावळीतून निघतो. एवढ्या कचऱ्यावर दर चार दिवसांनी एक सिलिंडर वाचेल, असे सांगून एका विक्रेत्याने आम्हाला तरंगत्या झाकणाची ५०० लिटरची टाकी विकली, शेणाऐवजी 'कल्चर'ची (सूक्ष्मजीवांची) पावडर वेगळे पैसे घेऊन टाकली आणि पहिल्या दिवसापासून सगळा कचरा घालायला सांगितले.

काही दिवसांतच झाकण वर आले. "भाऊ, टाकी वर आली म्हणजे गॅस तयार झाला," असे म्हणत त्याने तिचा फोटो काढला, संयंत्र चालू स्थितीत मिळाल्याची सही घेतली आणि उरलेली रक्कम नेली. शेगडी मात्र पेटलीच नाही. बर्नरला काडी लावली की काडीच विझायची आणि आंबूस, कुबट वास यायचा. पुढे त्याचा फोन बंद झाला आणि बिलावरच्या पत्त्यावर दुकानही नव्हते.

झाकण उचलणारा तो वायू प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड होता. भाजीपाला लवकर कुजतो आणि त्यातून आधी आम्ले तयार होतात. मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, करणारे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात आणि त्यांना ७ च्या आसपास पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) लागतो. आमच्या टाकीतल्या पाण्यात बुडवलेली पीएचची पट्टी ५ दाखवत होती. म्हणूनच सुरुवातीला ताज्या शेणाचा काला भरून, गॅस निळ्या ज्योतीने जळू लागेपर्यंत काही आठवडे थांबायचे आणि मग कचरा थोडा थोडा वाढवायचा असतो. संत्र्याची साले तर घालूच नयेत, कारण त्यांतले तेल या सूक्ष्मजीवांना मारक ठरते. आपल्या शहरात तरी हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे होते.

टाकीचे मापही अपुरेच होते. २५ किलो कचऱ्यात तेवढेच पाणी मिसळले तर रोज ५० लिटर काला आत जातो आणि तो ३० ते ४० दिवस आत राहायचा, तर टाकी १,५०० ते २,००० लिटरची हवी. ५०० लिटरच्या टाकीतून तो दहा दिवसांत बाहेर पडतो. संयंत्र उत्तम चालले तरी एवढ्या कचऱ्यातून रोज साधारण दीड घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे पाऊण किलोहूनही कमी एलपीजीइतके इंधन. त्या हिशेबाने १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर वाचायला जवळजवळ चार आठवडे लागतात.

त्यामुळे शेवटचा हप्ता शेगडी रोज पेटू लागल्यावरच द्यावा आणि ही अट बिलावर लिहून घ्यावी. आमच्यासारखे कोणी फसले असल्यास बिल, पैसे दिल्याची नोंद आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे असेल, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.